टाकीची ओळख

सोमवार, ४ सप्टेंबर

कालच आलो एकदाचे! आई, मी, मिठू आणि आईने हट्टाने बरोबर आणलेलं शिवणयंत्र. मिठूचे बाबा जहाजावर असतात, त्यामुळे आमचं बिऱ्हाड हलवायचं म्हणजे ते बायकांनीच हलवायचं. घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या नि स्वयंपाकघर. खिडकीतून बंदराची भिंत दिसते. पाणी दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. आईने सगळे नळ सोडून पाहिले, ओट्यावरून बोट फिरवून ते नाकाशी नेलं आणि घर पास केलं. तोवर मिठूने जिन्यातल्या सगळ्या दारांवर ओळखी करून घेतल्या होत्या. तिचं दाखल्यावरचं नाव वेगळं आहे, पण सहा वर्षांत ते कुणी वापरलेलं नाही. सकाळी डोळा उघडल्यापासून जी सुरू होते ती झोपेतसुद्धा अर्धं वाक्य बोलूनच थांबते, म्हणून मिठू.

आणि आज माझा प्रयोगशाळेतला पहिला दिवस. इतकी वर्षं शाळेत बेडूक नि झुरळ शिकवल्यावर पुन्हा संशोधनात पाऊल टाकायचं, म्हणून धाकधूक होतीच. त्यात सकाळी सकाळी माती खाल्ली. त्यांनी आधीच टपालाने एक नळी आणि कापूस लावलेली काडी पाठवली होती. सकाळी काही खाण्यापिण्याआधी काडी गालाच्या आतून फिरवायची, नळीतल्या द्रवात बुडवायची, बूच लावायचं. शेंबड्या पोराला जमेल असं काम. मला ते आठवलं दोन कप चहा आणि अर्धा पुडा बिस्किटं खाऊन, चपला घालताना. आता पहिल्याच दिवशी जाऊन काय सांगू, की सूचना वाचली होती हो, पण चहाचा मोह आवरला नाही? आतल्या खोलीत मिठू तोंड उघडं टाकून झोपली होती. काडी तिच्या गालातून फिरवली आणि निघाले.

यात खोटेपणा नाही, असं मी आईला समजावलं. त्यांना हवा असतो तो मायटोकॉन्ड्रियामधला डीएनए, आणि तो आईकडून मुलांना जसाच्या तसा मिळतो. आईचा, माझा आणि मिठूचा एकच, एका अक्षराचाही फरक नाही. आई म्हणाली, म्हणजे परीक्षेला लेकीला बसवलंस. मग स्वतःच हसली आणि म्हणाली की झाकली मूठ सव्वा लाखाची, जा आता.

प्रयोगशाळेत मोजून तीन माणसं. मोठ्या बाई म्हणजे प्रमुख. साठीच्या, उंच, एक हात कायम कोटाच्या खिशात. टाक्यांची निगा राखणारे काका. आणि संगणकावर बसणारा एक किडकिडीत मुलगा, त्याला सगळे गणित्या म्हणतात. बाईंनी माझी नळी उजेडात धरून पाहिली, अर्धा द्रव त्यातला डीएनए वाचायला काढून ठेवला आणि मला तळघरात नेलं. तिथे फरशी लावलेली मोठी टाकी आहे, समुद्राच्या पाण्याची. त्यात दोरांना काळे शिंपले लगडलेले. बाईंनी उरलेला द्रव त्या पाण्यात ओतला आणि तिघांनी टाळ्या वाजवल्या! हा इथला रिवाज. कुणा माणसाचा अंश पाण्यात पडला तर तो शिंपल्यांच्या नमुन्यात किती उतरतो, हे तपासायला कुणीतरी कधीतरी सुरू केलं होतं. तपासणी संपली, रिवाज राहिला. याला ते म्हणतात टाकीला ओळख करून देणं. मग बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या की इतक्या अर्जांतून हिला घेतली ती हिच्या हातांसाठी, मुलाखतीच्या वेळी हिचं काम पाहिलं, इतके स्वच्छ हात हल्ली दिसत नाहीत. मी जमिनीपासून वीतभर वर होते. घरी येऊन आईला दोनदा सांगितलं.

गुरुवार, १४ सप्टेंबर

कामात रुळले. आईला आणि मिठूला काल जेवताना सगळं समजावून सांगितलं, तेच इथे लिहून ठेवते, म्हणजे मलाही कळलंय की नाही ते कळेल.

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, पेशीच्या चुलीच म्हणा ना. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो, छोटासा आणि गोल, माळेसारखा. प्राण्यांमध्ये साधारण सदतीस मणी, म्हणजे सदतीस जनुकं. माळेत एक मोकळी जागा असते, तिथून तिची नक्कल सुरू होते. ही माळ आईकडून येते, बापाची मुलांपर्यंत पोचत नाही. आणि ती तुटून दुसऱ्या माळेत मिसळत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. पण निसर्ग आमच्या पुस्तकांना कुठे विचारतो! उवांमध्ये तर या एका माळेच्या वीसेक छोट्या माळा झालेल्या असतात. (आई म्हणाली, जेवताना उवांचं नाव काढू नकोस.) आमच्या काळ्या शिंपल्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्यात मुलग्यांना बापाची माळही मिळते. एका अंगात दोन माळा आल्या की कधीकधी दोन्ही तुटतात आणि आईची अर्धी, बापाची अर्धी अशी जोडमाळ तयार होते. असे जोड शोधायचे, हे माझं काम.

नवं माणूस आलं की टाकीत एक कोरी दोरी सोडतात. पुढची पिल्लं पाण्यात तरंगत तरंगत येऊन तिच्यावर बसतात. त्या दोरीवरचे शिंपले त्या माणसाचे. माझी दोरी हिरवी आहे. अजून रिकामी, पण काका म्हणतात महिन्याभरात बसतील.

तिघंही एक हात खिशात घालूनच वावरतात, हे मी घरी नक्कल करून दाखवलं. काकांना विचारलं तर म्हणाले, थंड पाण्याचा वात आहे, सगळ्यांनाच होतो. बाईंनी आज आणखी एक गंमत सांगितली. शिंपल्याला मिटून राहायला ताकद लागत नाही. त्याचा स्नायू एकदा आवळला की कडी लागल्यासारखा अडकतो, मग तासन् तास तसाच, न दमता. मिठूने लगेच शिंपला व्हायचं ठरवलं आणि ओठ मिटून बसली. श्वास चार वेळा आत-बाहेर झाला असेल नसेल, तोच म्हणाली की शिंपल्यांना कंटाळा येत नाही का गं?

बुधवार, १८ ऑक्टोबर

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

माझ्या दोरीवर पिल्लं बसलीत, तांदळाच्या दाण्याएवढी. पहिला नमुना मीच तयार केला, मीच यंत्रावर वाचला. वाचलेलं सगळं एरवी गणित्याच्या चाळणीतून जातं. चाळणी म्हणजे संगणकाला आमच्या प्रत्येकाची माळ पाठ करून ठेवलेली असते. नमुन्यात आमच्यासारखं काही दिसलं की तो ते काढून टाकतो. हात लागला, शिंक पडली, असं गृहीत धरून. गणित्या आज रजेवर होता. मी उतावळी, न चाळताच उघडून बसले.

जोड सापडला. माळेतल्या मोकळ्या जागीच, जिथे असायला हवा तिथे. डाव्या अंगाला शिंपला. उजव्या अंगाला माणूस. माझ्या माळेशी लावून पाहिलं, अक्षर न् अक्षर जुळलं.

असं होत नसतं. याला दोनच कारणं असू शकतात आणि दोन्ही माझ्या नाकर्तेपणाची. एक म्हणजे माझी लाळ किंवा कातडी नमुन्यात पडली. दुसरं म्हणजे नक्कल काढताना यंत्र एका धाग्यावरून घसरून दुसऱ्यावर चढलं आणि खोटा जोड तयार झाला. शिकाऊ पोरं करतात ही चूक. मी शाळेत बेडूक शिकवण्याच्याच लायकीची, असं वाटलं. कान तापले. स्वच्छ हात म्हणे!

बाई आल्या तेव्हा मी म्हटलं, नमुना सांडला. त्या म्हणाल्या, होतं गं. मला तर नमुना बाटण्यापेक्षा सांडणं परवडलं. वाचलेलं सगळं मी पुसून टाकलं.

सोमवार, ३० ऑक्टोबर

पुसून प्रश्न सुटला असता तर काय हवं होतं.

हातमोज्यांवर हातमोजे, तोंडाला फडकं, नवी बाटली, नवं टेबल. या वेळी नक्कल काढलीच नाही, मूळ धागाच थेट वाचला. त्यात यंत्र घसरायचा प्रश्नच येत नाही. वेगवेगळी पिल्लं घेतली. प्रत्येकात तोच जोड, त्याच जागी. हाताला घाण असती तर सुटे मानवी तुकडे सापडले असते. हे सुटे नाहीत. शिंपल्याच्या माळेत ओवलेले आहेत, नीट, एखाद्या बाईने बसून ओवावेत तसे.

मला माहीत आहे की आता जाऊन सांगायला हवं. पण सांगायचं म्हणजे आधीचं पुसलं तेही सांगायचं. रोज वाटतं, उद्या. बाई समोर आल्या की मी फडक्याने टेबल पुसायला लागते. त्यांना वाटतं मी फार टापटिपीची आहे.

घरी आई कटकट करत होती की मिठू हल्ली हट्टी झालीय, चमचा धरला की सोडत नाही, पेन्सिल काढून घ्यावी लागते. मी म्हटलं, शाळा नवी आहे, होतं असं.

रविवार, ५ नोव्हेंबर

हट्ट नाही तो.

सकाळी मिठू माझ्या साडीचा पदर धरून उभी होती. सोड म्हटलं तर म्हणाली, सुटत नाहीये गं आई. हसत म्हणाली. मला वाटलं खेळतेय. मग मी तिची बोटं उलगडायला गेले. उलगडेनात. एवढासा हात, आणि मी दोन्ही हातांनी जोर लावतेय. दुखतं का विचारलं तर नाही म्हणाली, काहीच होत नाही म्हणाली. पदर कापून काढावा लागला. संध्याकाळी मूठ आपोआप सुटली, मग दुधाच्या पेल्यावर पुन्हा बसली. झोपेतही घट्ट. झोपेत तर आपले हात सैल पडतात.

मुलांच्या डॉक्टरीण बाईंनी रविवार असूनही दुपारी तपासलं. म्हणाल्या, आकडी नाही, ताप नाही, स्नायू दमलेलाही नाही, असं कधी पाहिलं नाही. मोठ्या रुग्णालयातली वीस तारखेच्या सोमवारची वेळ मिळालीय. त्यांनी विचारलं, कुठल्या रसायनाशी, प्राण्यांशी संबंध आलाय का हिचा? मी नाही म्हटलं. खरंच आहे ते. मिठू प्रयोगशाळेत कधी गेलेली नाही.

तिचा थुंका गेलाय.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

चार दिवस मी माझ्या हाताकडे बघतेय. माझी बोटं छान उघडतात, मिटतात. बाईंचा हात खिशात. काकांचा खिशात. गणित्याने आज बाटली उचलायला चुकून तो हात बाहेर काढला तेव्हा मी पाहिलं. दोन बोटं तळव्याला चिकटलेली, जशी मिठूची.

म्हणजे त्यांनी आपापला नमुना दिला, म्हणून त्यांचा हात. आणि मी —

आईची, माझी, मिठूची माळ एकच, हे मी किती हुशारीने सांगितलं होतं आईला. अक्षरं एकच आहेत. पण टाकीला अक्षरं कुठे वाचता येतात. तिला जो गाल दिला तो तिने ओळखला.

बाईंच्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि एवढंच म्हटलं की माझ्या दोरीवर माझे तुकडे सापडताहेत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, आलीस होय. प्रत्येक जण असाच येतो म्हणे, दार लावून, हाच चेहरा घेऊन, की बाई माझ्या हातून नमुना बाटला. त्याही त्यांच्या गुरूंकडे अशाच गेल्या होत्या. प्रत्येकाला वाटतं आपलेच हात घाण. म्हणून चाळणी लावायची आणि गप्प बसायचं, आजवर कुणी एक ओळ छापली नाही. मग त्यांनी खिशातला हात टेबलावर ठेवला. तीन बोटं मिटलेली, नखं तळव्यात वाढलेली. म्हणाल्या, आपलं त्यांच्यात जातं, त्यांचं थोडं आपल्यात येतं. जोवर दोरीवरचे जिवंत आहेत तोवर ही पकड राहते. सवय होते.

मी विचारलं, उपाय नाही? त्या म्हणाल्या, एखाद्याचं फार वाढलं तर आहे एक, पण वेळखाऊ आहे आणि दोरी हातची जाते. दोन-तीन बोटांसाठी कुणी तो करत नाही. वयाने मोठ्या माणसाचं बोटांवरच निभावतं. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, नमुना तुझाच होता ना गं?

मी हो म्हटलं.

तोंडातून असं सहज गेलं, जसं कुणी जेवलीस का विचारल्यावर जातं. त्या म्हणाल्या, मग झालं तर, दोरी आहे तशी राहू दे. आणि मी आभार मानून बाहेर आले. आभार मानले मी.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

सांगायला गेले होते. खरंच गेले होते. बाईंकडे पाहुणे होते. त्यांनी मला पुढे ओढलं आणि म्हणाल्या, ही आमची नवी, हिचे हात बघा.

मी हात दाखवले.

सोमवार, १३ नोव्हेंबर

दुसरा हातही मिटला. सुटतच नाही आता. आई तिला भरवते, न्हाऊ घालते, गोष्टी सांगते. आईने कालपासून मला काही विचारलेलं नाही. शिवणयंत्रावर बसते आणि तशीच उठते.

मिठू सकाळी बोलता बोलता थांबली. वाक्याच्या मध्येच. जबडा मिटला तो मिटलाच. ओठ फाकतात, दात उघडत नाहीत. नळीने दूध देतोय. ती घाबरलेली नाही, हेच मला बघवत नाही. डोळ्यांनी बोलते. शिंपल्यांना कंटाळा येत नाही का, हे मला तिने विचारलं होतं आणि मी हसले होते.

अंग गार लागतंय. पाय मुडपून घेतलेत.

रुग्णालयाची वेळ पुढच्या सोमवारची. आज नेलं तरी त्यांनी हेच विचारलं असतं — कशाशी संबंध आला.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

बाई परगावी गेल्यात, भाषणाला. फोन लावला. हातात कागद धरला होता, त्यावर वाक्य लिहून, म्हणजे वाचून तरी दाखवता येईल. नमुना माझ्या मुलीचा होता. चार शब्द.

बाई म्हणाल्या, बोल.

मी रजेचं विचारलं.

एवढी काय लाज? पोटची पोर मिटत चाललीय आणि मला लाज वाटते, की बाई काय म्हणतील, की चहा प्याले, की थुंका लेकीचा दिला, की हो म्हटलं तोंडावर. जितके दिवस जातात तितकी ती वाढते. पहिल्या दिवशी हसून सांगता आलं असतं. आता सांगायचं म्हणजे — मी किती दिवस गप्प होते तेही.

बाई म्हणाल्या, घे ना रजा, त्यात काय एवढं. आवाजात माया होती.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

आईने विचारलं. शेवटी विचारलंच. तू तिला काही केलंस का?

मी आईवर ओरडले. वाट्टेल ते बोलले.

पापण्यासुद्धा मिटल्यात आता. श्वास आहे. हळू, पण आहे.

बाईंचा उपाय मला कळलाय. कळायला काय अवघड आहे त्यात — दोरीवरचे जिवंत तोवर पकड. मेले की सुटेल. वेळखाऊ म्हणे! दोरी प्यारी आहे त्यांना, म्हणून सांगत नाहीत. कुणाला काही सांगायची गरजच नाही मग. कुणालाच कळणार नाही —

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

दुपार. प्रयोगशाळेत. काका नि गणित्या जेवायला गेलेत. हिरवी दोरी काढली. शेगडीवर मोठं पातेलं ठेवलंय. पाणी तापायला किती वेळ —

मुद्दाम लिहितेय. हात कशात तरी हवेत.

उकळी आली. घातले सगळे.

एक उघडला. आणखी एक. उघडताहेत! टक टक आवाज होतोय झाकणाखाली —

आईचा फोन. मिठूची मूठ सुटली! आपोआप, एकेक बोट. दोन्ही हात. जबडाही सुटला, तोंड उघडलं, पाय सरळ झाले. आई हसतेय की रडतेय कळत नाही. मीही. संपलं. आता बाईंना काही सांगायला नको. दोरी कुजली म्हणेन. देवा, आता कुणालाच काही सांगायला —

फोन कानाशीच आहे. आई म्हणते, झोपलीय शांत, दमली पोर, अंग कसं सैल सोडलंय बघ.

पातेल्यात सगळे उघडे. शेवटचासुद्धा. सताड.

मिटून राहायला शिंपल्याला काही लागत नाही. आणि आपसूक असा उघडा पडतो तो फक्त — बाजारात उघडा शिंपला कुणी घेत नाही, लहान पोरालाही ठाऊक असतं, उघडा म्हणजे —

आईला म्हणायला हवं, श्वास बघ तिचा. एवढंच. पण म्हटलं की ती विचारेल, का गं? मग मला —

आई हाका मारायला लागलीय. मिठू. ए बाळा, पाणी पी थोडं. बघ ना आजीकडे. मिठू. मी ऐकतेय. मी अजून एक शब्द बोललेली नाही. आई पुन्हा हाक मारतेय, जरा मोठ्याने. एवढ्या हाका मिठूला कधी